शिबिर उठते, दाढ दुखतच राहते

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले, की कापूरहोळ ओलांडल्यावर किकवी लागते. गाडीने साधारण तासाभराचा रस्ता. याच सातारा रस्त्याला लागून धनकवडीत एक मोठे दंत महाविद्यालय आहे. वडगाव बुद्रुक, पुणे कॅम्प, पिंपरी येथेही आहेत. दातांचे डॉक्टर घडवणाऱ्या इतक्या संस्था एका जिल्ह्यात असताना भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या दोन तालुक्यांत कोणाची दाढ दुखली, तर त्याने जायचे कुठे?

महामार्गावरच्या किकवीला, नसरापूरला निदान वाहन मिळते. हिर्डोशी किंवा वेळवंड खोऱ्यातल्या, नाहीतर केळदकडच्या एखाद्या वाडीवरच्या बाईला मात्र दाढेसाठी अख्खा दिवस मोडावा लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्याचे नियमित पद नसते. ते ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर असते. म्हणजे भोर गाठायचे, नाहीतर पुणे. दात वाचवायचा तर दोन-तीन खेपा होतात. प्रत्येक खेपेला एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. त्यापेक्षा लवंग धरावी, दुकानातून गोळी आणावी आणि अगदीच असह्य झाले की दात काढून टाकावा, हा हिशेब अडाणीपणाचा नाही. तो परवडण्याचा आहे.

या हिशेबात आणखी एक धोका दडलेला आहे, तो म्हणजे मिश्री. तंबाखू भाजून केलेली ही पूड अनेक बायका पहिल्यांदा हिरडीला लावतात ती दात दुखतो म्हणून. दुखणे तात्पुरते बधिरते आणि सवय जन्माची लागते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात. धूम्रपान करणारे ३.८ टक्के आहेत. म्हणजे आपल्याकडे तंबाखूचा प्रश्न मुख्यतः तोंडातला आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्रीचा डबा चुलीजवळ आणि चुन्याची डबी खिशात आहेच. वेळेवर न बुजवलेली दाढ अशा रीतीने तोंडाच्या कर्करोगाच्या वाटेवरचा पहिला थांबा ठरू शकते.

यावर आपले ठरलेले उत्तर म्हणजे शिबिर. मंडप पडतो, विद्यार्थी येतात, बॅटरीच्या उजेडात दोनशे तोंडे तपासली जातात, मुलांना ब्रश आणि पेस्ट मिळते, फोटो निघतात. ज्यांच्या दातांत कीड सापडते, त्यांच्या हाती चिठ्ठी पडते : ‘पुढील उपचारांसाठी महाविद्यालयात यावे.’ किती जण जाऊ शकले, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. ज्याला दुखते हे आधीच ठाऊक होते, त्याला ते पुन्हा एकदा सांगण्यापलीकडे अशा शिबिरातून फारसे काही होत नाही.

खरे तर नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. बीडीएसच्या अभ्यासक्रमाच्या २००७ च्या नियमांत वर्षभराच्या इंटर्नशिपपैकी तीन महिने सामाजिक दंतशास्त्र आणि ग्रामीण सेवेसाठी राखलेले आहेत. हे तीन महिने कसे वापरायचे, एवढाच प्रश्न आहे. प्रत्येक तुकडी नव्या गावात शिबिरे करत फिरली, तर विद्यार्थ्याला आपण बुजवलेला दात सहा महिन्यांनी कसा आहे हे कधीच कळत नाही. उलट किकवीसारख्या रस्त्यावरच्या गावात, सरकारी आरोग्य केंद्राच्या एका खोलीत कायमची खुर्ची बसवली आणि तुकड्या पाळीपाळीने तिथे आल्या, तर विद्यार्थी बदलतील, पण जागा, वार आणि केसपेपर तेच राहतील.

यासाठी फार मोठी यंत्रसामग्रीही लागत नाही. हाताच्या अवजारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली, ती वीज आणि ड्रिल नसतानाही दात वाचवता यावा म्हणूनच. कीड जिथल्या तिथे थोपवणारे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड आणि हे सिमेंट, दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. तोंडाच्या तपासणीचे मोलही सिद्ध झाले आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीमुळे तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. जे काम प्रशिक्षित पदवीधर करू शकले, ते भावी दंतवैद्याला जड जाऊ नये.

आक्षेप दोन आहेत आणि ते दोन्ही खरे आहेत. पहिला : गरिबाचे तोंड म्हणजे शिकाऊ हातांसाठी सरावाची जागा आहे का? नाही. म्हणून खुर्चीशेजारी अनुभवी शिक्षक हवाच, अवजारे निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह हवा आणि रुग्णाला ‘हा विद्यार्थी आहे, तुमची हरकत नाही ना?’ असे विचारले गेले पाहिजे. शहरातल्या महाविद्यालयात जो नियम, तोच गावात. दुसरा : इंटर्नशिपच्या वर्षात विद्यार्थ्याचे डोळे एमडीएसच्या प्रवेश परीक्षेकडे असतात, गावातली हजेरी कागदावर उरते. राहण्याची सोय नाही, मुलींना संध्याकाळी परतायला गाडी नाही, अशा अवस्थेत नुसती सक्ती केली तर तेच होणार. निवास, वाहन आणि केलेल्या कामाचे मूल्यमापन या तिन्ही गोष्टी महाविद्यालयाने द्यायला हव्यात.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. त्या घरांशी विद्यार्थ्यांचे नाते जुळते, आणि आजार कुठून येतो ते वर्गात न कळणारे तिथे कळते. दंतवैद्यकालाही हेच लागू आहे. मिश्री का सोडवत नाही, हे पुस्तक सांगत नाही. ओट्यावर बसलेली आजी सांगते.

जिल्हा परिषदेने जागा द्यावी, महाविद्यालयांनी शिक्षक आणि साहित्य द्यावे, आशाताईंनी रुग्णांचा पाठपुरावा करावा. वर्षअखेरीस एकच आकडा जाहीर व्हावा : किती तोंडे तपासली हा नव्हे, तर किती जणांचे उपचार पूर्ण झाले हा. पुढच्या वेळी गावात शिबिराचा फलक लागला, की गावकऱ्यांनीही एवढेच विचारावे : ‘परत कधी येणार?’