जुना रंग खरवडताना

गणपती जवळ आले की आपल्या कोकणात घरोघर रंगाचे डबे उघडतात. आधी भिंती होतात, मग पाळी येते जुन्या लाकडाची. पाट, चौरंग, देव्हारा, खुर्ची, पाळणा! मोठी माणसे काचकागद हातात देतात आणि म्हणतात, "चला रे पोरांनो, घासायला लागा!" माझे मत असे, की हे काम मुलांना देऊ नये. आणि कोरडे तर कोणीच घासू नये.

का ते सांगते. पूर्वीच्या पुष्कळ ऑइलपेंटांत, विशेषतः पिवळ्या, तांबड्या, हिरव्या भडक रंगांत, शिसे असे. शिसे म्हणजे पेन्सिलीतले नव्हे बरे का! पेन्सिलीत असते ते ग्राफाइट. खरे शिसे हा जड आणि विषारी धातू आहे. आपल्या सरकारने 2016 साली नियम केला. त्याप्रमाणे 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांहून जास्त शिसे चालत नाही. पण आपले पाट-पाळणे त्याच्या कितीतरी आधीचे! आमच्या घरी फणसाच्या लाकडाचा पाळणा आहे. वरचा रंग निळा, टवका उडाला तिथे हिरवा, त्याखाली पिवळा. पिवळा कधी दिला ते आजीलाही आठवत नाही.

असा रंग कोरडा घासला की बारीक धूळ उडते. ती हाताला लागते, हात भाकरीला लागतो. रांगते बाळ तर जमिनीवरचे हात सरळ तोंडात घालते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पोटात गेलेले शिसे लहान मुलांच्या अंगात मोठ्यांच्या चार-पाच पट भिनते. त्याने मेंदूची वाढ बिघडते.

कोणी म्हणेल, "आम्ही जन्मभर खरवडतोय, काय झालं आम्हांला?" पण हे विष तापासारखे दिसत नाही. मूल अभ्यासात मागे पडते, आणि आपण म्हणतो, पोर मठ्ठ आहे! खरे काय ते रक्त तपासल्यावरच कळते.

मग जुने लाकूड रंगवायचेच नाही का? रंगवावे की! पण रीत बदलावी. रंग घट्ट बसलेला असेल तर खरवडू नये. नुसते धुऊन, वाळवून वरून नवा हात द्यावा. पोपडे सुटले असतील तर पाणी शिंपडून ओल्यानेच घासावे. खाली जुना कागद पसरावा, नंतर जमीन ओल्या फडक्याने पुसावी. लहान मुलांना तोवर शेजारी पाठवावे. रंगाचे पोपडे आणि रंगवलेल्या फळ्या न्हाणीच्या चुलीत मुळीच घालू नयेत. शिसे जळून जात नाही. काही धुरात जाते, काही राखेत राहते. आणि त्याच राखेने आपण भांडी घासतो!

आणखी एक. भर पावसात लाकूड ओल धरते, त्यावर दिलेल्या रंगाला फोड येतात. मग पुढच्या वर्षी पुन्हा खरवडा! त्यापेक्षा हे काम दिवाळीनंतर कोरड्या दिवसांत करावे. गणपतीला पाट स्वच्छ धुतलेला असला तरी पुरे. देव जुन्या रंगावर रागावणार नाही. पण घरातले बाळ जपलेच पाहिजे, असे मला वाटते.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी