भात, फान आणि मेशी

वडगावच्या कचेरीतून आणलेल्या सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात जो शब्द नोंदलेला असतो, तोच शब्द त्या खातेदाराच्या ताटात दुपारी वाढलेला असतो, ही गोष्ट आम्हां मावळवासीयांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यातील नवल कोणाच्या ध्यानीही येत नाही. खाचरात उभा तो भात, खळ्यावर झोडला तो भात आणि चुलीवरून उतरला तोही भातच. गिरणीतून निघून आधणात पडेपर्यंत मात्र तो तांदूळ म्हणवून घेतो.

जपानी माणसास हा कारभार सैल वाटेल. त्याचे उभे पीक ‘इने’, सडलेला दाणा ‘कोमे’ आणि शिजलेला ‘मेशी’ किंवा ‘गोहान’. चिन्यांच्या येथे अनुक्रमे ‘दाओ’, ‘मी’ आणि ‘फान’. यांपैकी ‘फान’चे अक्षर जपान्यांनी चीनकडून घेतले, त्याचा उच्चार ‘हान’ असा वळवला, त्यामागे आदराचा ‘गो’ लावला आणि शिवाय आपला देशी ‘मेशी’ही त्याच अक्षरात बसवला. पुढे हे शिजल्या तांदळाचे नाव दोन्ही देशांत अवघ्या जेवणाचेच नाव होऊन बसले; इतके की, जपानी गृहस्थाने सकाळी नुसता पाव खाल्ला तरी त्याचे ‘आसागोहान’, म्हणजे सकाळचा भात, यथासांग पार पडते, आणि चिनी शेजारी वाटेत भेटल्यावर ‘फान खाल्ले का?’ असे पुसतो, ते आमच्या नाणे मावळातल्या ‘जेवलात का?’हून तिळमात्र निराळे नाही.

‘मेशी’ हा शब्द मात्र मुळात सेवन करण्याच्या आदरार्थी क्रियापदावरून आलेला. म्हणजे आधी जेवण, मग भात. आपल्या शब्दाची वाटचालही नेमकी हीच. संस्कृत ‘भक्त’ म्हणजे वाट्यास आलेले अन्न, कारण ‘भज्’ धातूचा एक अर्थ वाटणे असा आहे. त्या न्यायाने पंढरीचा भक्त आणि ताटातला भात सगोत्र ठरतात, आणि सरकारी नोकराचा ‘भत्ता’ही व्युत्पत्तिकार याच घरात आणून बसवतात. इर्जिकीला आलेल्या माणसांना बांधावर पोटभर जेवू घालण्याची आमची रीत पाहता या वाटणीच्या अर्थाविषयी मला तरी शंका उरत नाही.

जपानी-चिन्यांशी आपले नाते केवळ शब्दांचे नाही. जपानी पद्धतीच्या भातशेतीचे आरंभीचे प्रयोग बोरिवलीच्या कोरा केंद्रात झाले आणि १९५३ साली तिची मोहीम देशभर निघाली. पुढे १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ दिला. त्या आयआर ८चा पिता ‘डी-जिओ-वू-जेन’ नावाचा तैवानचा बुटका भात! इंद्रायणीचा शिजलेला घास आसट, चिकट, काड्यांनीही उचलावा असा असतो. लोणावळ्यास येणाऱ्या बासमतीच्या भोक्त्यांना तो गिचका वाटतो, वाटो बापडा.