कोकण बघायला जाताय? मग यादी अर्धी करा

हरभऱ्याचे पैसे हातात आले आणि लेकरांच्या शाळेला सुट्ट्या लागल्या, की आपल्या औसा-निलंगा-अहमदपूर भागातून क्रुझर भरून कोकणात जायची आता रीतच पडली आहे. चांगली गोष्ट आहे. पूर्वी घराबाहेर पडायचं म्हणजे पंढरपूर, तुळजापूर, फार तर तिरुपती. आता रत्नागिरी-नागपूर महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो. सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरला की रत्नागिरी. शेतकऱ्यानं हौस करू नये, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण ज्या पद्धतीनं आपण ही हौस करतो, त्यावर दोन शब्द बोलणं भाग आहे.

गेल्या उन्हाळ्यात भावकीतल्या दोन घरांबरोबर मीही रत्नागिरीला गेलो होतो. गाडीत बारा माणसं, त्यात पाच बायका, चार लेकरं. मुक्काम परवडत नाही म्हणून फिरायला दिवस एकच. यादी पुतण्यानं मोबाईल बघून काढलेली: मिरकरवाडा बंदर, रत्नदुर्ग किल्ला, टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, थिबा पॅलेस, मत्स्यालय, भाट्ये, पावस आणि संध्याकाळी गणपतीपुळे. म्हणजे नऊ ठिकाणं. पावस शहराच्या दक्षिणेला वीसएक किलोमीटर, गणपतीपुळे उत्तरेला पंचवीसएक. ड्रायव्हर आमचाच, त्यानं यादी बघून नुसती मान हलवली.

मग काय होणार? उतरा, बघा, फोटो काढा, चला. रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळात आईनं ओटी भरायला घेतली तर खालून हॉर्न. पतितपावन मंदिर १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी बांधलं, सावरकरांच्या पुढाकारानं, सगळ्या जातींना खुलं. हे लेकरांना सांगायला घेतलं तर निम्मी लेकरं गाडीत जाऊन बसलेली. थिबा पॅलेसला तेवढी आई थबकली. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा १९१० साली बांधून झाला आणि १९१६ साली राजा इथंच वारला. तीस वर्षं परक्या मुलखात. आई म्हणाली, "राजा असून त्याला आपल्या गावची माती दिसली नाही बघ." तिला तिथं सावलीत जरा बसायचं होतं. पण यादीत पुढचं ठिकाण होतं.

आता भाट्याचं सांगतो, कारण माझ्या मते त्या दिवसाचा पैसा तिथंच वसूल झाला. भाट्ये म्हटलं की आपली माणसं समुद्राच्या वाळूवर जातात. पण तिथंच दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. माझ्या आग्रहावरून गाडी तिथं वळली. पुरुष मंडळी गेटजवळ तंबाखू मळत थांबली. बायका मात्र आत गेल्या त्या लवकर बाहेर येईनात. नारळाच्या खोडावर मिऱ्याचा वेल चढवलेला, मधल्या जागेत दालचिनी, जायफळ. याला तिकडं लाखीबाग म्हणतात. वहिनीनं आयुष्यभर काळ्या मसाल्यात मिरे-दालचिनी कुटली, पण मिरं वेलाला लागतं आणि दालचिनी म्हणजे झाडाची साल, हे तिनं पहिल्यांदा पाहिलं. तिनं तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं, "एवढ्या सावलीत खालच्या झाडाला उतारा कसा येतो? पाणी एकाच नळीनं देता का दोन?" असा प्रश्न आमच्या मेळाव्यात क्वचितच कुणी विचारतो, हे मी नोकरीच्या अनुभवावरून सांगतो.

मिरं आपल्याकडं लावा असं मी म्हणत नाही. आपली कोरडी हवा आणि उन्हाळा त्याला मानवणार नाही. घ्यायचं ते एवढंच, की एकाच जमिनीच्या तुकड्यात उंच, मध्यम आणि बुटकं अशी पिकं बसवता येतात. सोयाबीनमध्ये तुरीची ओळ धरायची आपली पद्धत त्याच जातीची आहे, आणि ती आपण मोडत चाललोय.

पावसच्या वाटेवर आणखी एक गोष्ट दिसली. एका वाडीवर पाण्याचा टँकर उभा आणि बायकांच्या घागरी रांगेत. गाडीतल्या गाडीत गोंधळ उडाला. कोकणात टँकर? रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडं सातशे-आठशे. तरी मे महिन्यात तिथल्या कित्येक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. कारण साधं आहे. जांभा दगड चाळणीसारखा, जमीन उताराची, नद्या आखूड. सह्याद्रीवर पडलेलं पाणी बघता बघता समुद्राला मिळतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा आपण सगळा दोष पावसाला दिला. पाऊस आपल्या चौपट पडूनही टँकर लागतो, हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्याला बांधबंदिस्ती आणि नाला बंडिंग समजावून सांगायला माझ्यासारख्याची गरज राहत नाही. चुलते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हंजी पाऊस नाही, अडवणं कमी पडतंय."

मिरकरवाड्याचंही तसंच. वासानं माळकऱ्यांनी नाकाला पदर-उपरणं लावलं, पण तिथल्या मच्छीमारानं सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी कायद्यानं बंद असते. मासळीच्या विणीचा काळ, म्हणून. एवढा अथांग समुद्र, पण त्यालाही दोन महिने विसावा. आणि आपण पाचशे-सातशे फूट बोअर मारून वर्षाचे बारा महिने मोटर चालू ठेवतो. भूजल कायद्यात अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई आहे, हे गावात किती जणांना ठाऊक आहे? तलाठी-ग्रामसेवकांनी (पदांची नावं आता बदलली, गावात मात्र हीच चालतात) एखाद्या ग्रामसभेत ते वाचून दाखवावं.

गणपतीपुळ्याला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. लेकरं पाण्याकडं धावली. इथं एक सावधगिरीचं सांगतो. आपल्या पोरांना विहिरीत पोहता येतं म्हणून समुद्रात पोहता येईल असं नाही. ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं आणि माणसाला आत खेचतं. तिथं दरसाल बाहेरगावची माणसं बुडतात. भरती-ओहोटीची वेळ गावातल्या माणसाला विचारा, जीवरक्षकानं शिट्टी मारली की बाहेर या आणि गुडघ्याच्या पुढं जाऊ नका.

आता मूळ मुद्दा. एका दिवसात तीन ठिकाणं पुरेत. एक देवाचं, एक पाण्याचं, एक शेतीचं. खर्चाची अडचण असेल तर मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत. क्रुझरचं भाडं वाचवून त्यात एक रात्र मुक्काम सहज होतो.

दुसरं सरकारी अभ्यास दौऱ्यांचं. कुठल्या खात्याचा ते सांगत नाही, पण मध्यंतरी एका दौऱ्याची यादी बघितली, त्यात एकही बाई नव्हती. विचारलं तर उत्तर आलं, "सातबारा ज्याच्या नावावर त्याचं नाव." १९९२ साली शासनानं लक्ष्मीमुक्तीचा निर्णय काढला, बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावता यावं म्हणून. किती जणांनी लावलं ते आपल्या गावचा उतारा काढून बघा. खुरपणी, वेचणी, राशीपर्यंत कामं बायकांची आणि दौरा पुरुषांचा, हा हिशोब बरोबर नाही. आत्माच्या मार्गदर्शक सूचनांत तर किमान ३० टक्के निधी महिला शेतकऱ्यांसाठी खर्च व्हावा असं स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा सरपंच आणि गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांनी पुढची यादी करताना घरटी दोन नावं घालावीत, नवरा आणि बायको. परत आल्यावर ग्रामसभेत बोलायला आधी तिला उभं करावं. आणि भाट्याच्या केंद्रावर जायचं तर सुट्टीचा दिवस टाळा, अगोदर फोन करा, नाहीतर गेटवरूनच माघारी यावं लागेल.