पेढीवर वाजणारा घरचा फोन

भाद्रपद जवळ आला की पेण आणि रोह्याच्या बाजारपेठेला उसंत राहत नाही. पेणच्या कारखान्यांतून गणेशमूर्ती गावोगाव निघतात, दुकानांत गर्दी होते आणि त्याच सुमारास आपल्या घरी पर्युषणाचे उपवास चालू असतात. अशा धामधुमीत अनोळखी क्रमांकावरून फोन आला, तर जाहिरात समजून तो कापला जातो. घरातील सून किंवा माहेरी आलेली लेक गरोदर असेल, तर तो फोन तिच्यासाठीचा असू शकतो.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची ‘किलकारी’ ही सेवा 2016 मध्ये काही राज्यांत सुरू झाली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्रात आली. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे एकूण 72 ध्वनिमुद्रित संदेश विनामूल्य ऐकविले जातात. साधा मोबाईलही पुरतो, इंटरनेट लागत नाही. हुकलेला संदेश 14423 वर फोन करून ऐकता येतो. मंत्रालयाबरोबर हे काम पाहणारी ‘अरमान’ ही संस्था डॉ. अपर्णा हेगडे यांनी 2008 मध्ये मुंबईत स्थापन केली.

आपल्या घरांत अडचण येते ती दोन जागी. खासगी प्रसूतिगृहात नाव घातले की सरकारी नोंद राहून जाते; आणि त्या नोंदीवाचून हा फोन येतच नाही. तेव्हा आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात गरोदरपणाची नोंद अवश्य करावी. दुसरे असे की, नोंद करताना बहुधा पतीचा क्रमांक दिला जातो. मग आईसाठीचा सल्ला गल्ल्यावर वाजतो आणि तिथेच विरतो. शक्य तर तिचाच क्रमांक द्यावा. पतीचा दिला असेल, तर संदेश ऐकणे आणि रात्री घरी सांगणे हे त्याचे काम समजावे. बाप होण्याची तयारी येथूनच सुरू होते.

यंत्राला वेळ कळते, घराची रीत कळत नाही. मोबाईलवरील अनेक अ‍ॅप रात्री आठ-नऊला जेवणाची, दुधाची, गोळीची आठवण देतात. चौविहार पाळणाऱ्या घरात ती सूचना निरुपयोगी ठरते. म्हणून घड्याळ आपणच लावावे. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस घ्यायची असते. ती चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतल्यास लोह अंगी नीट लागत नाही. दुपारच्या जेवणानंतर तासाभराने लोहाचा गजर, आणि सकाळच्या न्याहारीला व सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला कॅल्शियमचा, अशी सोय डॉक्टरांना विचारून बसविता येते.

शाकाहारी घरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी आढळले. ज्या मातांमध्ये बी-12 कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे अधिक दिसली. धान्य-भाज्यांत बी-12 नसते. ते दूध, दही, ताक यांतून काही प्रमाणात मिळते. म्हणून पहिल्याच भेटीत बी-12 तपासावे का, हे डॉक्टरांना विचारावे आणि अहवालाचे छायाचित्र पती-पत्नी दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवावे.

उपवासाचा प्रश्न मात्र कोणत्याही अ‍ॅपवर सोडू नये. सूर्यास्तापासून सकाळपर्यंत अन्नपाण्याविना राहणे कोकणातील दमट हवेत गर्भवतीला जड जाऊ शकते. मधुमेह किंवा रक्तक्षय असल्यास धोका वाढतो. तप शक्तीनुसार करावे, हे आपण सारेच जाणतो. ती शक्ती किती, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि सासूबाईंनी सुनेवर तो भार टाकू नये. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर मोबाईलवर माहिती शोधत बसू नये. 108 वर फोन करून तातडीने रुग्णालय गाठावे. पेण आणि रोहा, दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे.

पहिला फोन येताच तो क्रमांक ‘किलकारी’ या नावाने साठवून ठेवावा. आणि आपल्या दुकानातील हमालाच्या, गाडीवानाच्या घरी कोणी गरोदर असेल, तर त्यालाही ही नोंद करण्यास सांगावे. त्याचा फोन कामाच्या वेळी वाजला, तर दोन मिनिटे ऐकू द्यावा.