गुडघ्याला बाशिंग

पळण्याचे वय आणि पळण्याची गरज या दोन गोष्टी माणसाच्या आयुष्यात क्वचितच एकत्र येतात. वय असते तेव्हा आपण विनाकारण पळतो. गरज भासते तेव्हा जिन्याच्या दुसऱ्या वळणावर कठडा धरून उभे असतो. आमची ही दुसरी अवस्था गेल्या आश्विनातल्या नवरात्रात पावागडावर उघडकीस आली. रज्जुमार्गातून उतरल्यावर देवळापर्यंत ज्या पायऱ्या उरतात, त्या चढताना आमची सात वर्षांची नात चार वेळा मागे वळून म्हणाली, "आजोबा, चला ना!" पाचव्या वेळी ती काहीच बोलली नाही. मुकाट्याने खाली आली आणि तिने आमचा हात धरला. ते तिचे न बोलणे आमच्या मनाला फार लागले.

बडोद्यास परतल्यावर डॉक्टरांनी आम्हांला ट्रेडमिलवर चालवून हृदयाची चाचणी घेतली. सिॲटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी रूढ केलेल्या या चाचणीत आरंभी वेग ताशी सुमारे २.७ किलोमीटर व पट्ट्याला १० टक्के चढ असतो. मग दर ३ मिनिटांनी दोन्ही वाढत जातात. हृदय निर्दोष निघाले. "दोष आहे तो बसून राहण्याचा," असे म्हणून डॉक्टरांनी हळूहळू धावण्यास मुभा दिली. त्यांच्या वाक्यातील 'हळूहळू' हा शब्द मात्र आम्ही दवाखान्यातच विसरून आलो.

घराजवळच्या व्यायामशाळेत पहिल्याच दिवशी शेजारच्या पट्ट्यावर एक तरुण ताशी १२ च्या वेगाने धावत होता. आम्ही ११ चे बटण दाबले. दीड मिनिटात छातीचा भाता झाला, नजर पायांकडे गेली, आणि पुढच्या क्षणी पट्ट्याने आम्हांला मागच्या मागे जमिनीवर आणून ठेवले. घरी आल्यावर गुडघ्यावरची पट्टी पाहून सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!"

वाचकहो, ज्या गावात प्रो. माणिकरावांचा आखाडा नांदला, तेथील माणसाने असे करावे, ही लाज वाटण्याजोगीच गोष्ट. तालमीत नवख्याला पहिल्याच दिवशी कुस्तीला सोडीत नसत. हौद्यातली माती उकरावी, जोर-बैठका काढाव्यात, दम वाढवावा, डावपेच त्यानंतर. यंत्र नवे असले तरी शरीर तेच जुने आहे, हे आम्हांला गुडघा सोलवटल्यावर उमगले.

मग आम्ही पुन्हा श्रीगणेशा केला. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती. प्रथम ५ मिनिटे ताशी ५ च्या वेगाने चालणे. नंतर १ मिनिट ताशी ७ ने धावणे आणि २ मिनिटे चालणे, असे आठ वेळा. अखेरीस पुन्हा ५ मिनिटे सावकाश चाल. दर एक-दोन आठवड्यांनी धावण्याचा काळ थोडा वाढवायचा, चालण्याचा कमी करायचा. वेगाची परीक्षा आकड्यावर नव्हे, जिभेवर घ्यायची. धावताना एक सबंध वाक्य बोलता आले तर वेग योग्य. शब्द तुटू लागले की बटण खाली. साडेतीन महिन्यांनी आम्ही सलग २० मिनिटे धावू लागलो. वेग तोच, ताशी ७!

या मंदपणाला सबळ कारण आहे. सावकाश, पण नित्य धावण्याने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. ही सुधारणा काही आठवड्यांत जाणवते. परंतु हाडे व स्नायुबंध बळकट व्हायला कितीतरी अधिक काळ लागतो. म्हणून दम आला असे वाटते, त्याच सुमारास नवखा माणूस उत्साहाने वेग वाढवतो आणि नडगी दुखवून घेतो.

दम बसल्यावरच वेगाकडे वळावे, आणि तेही आठवड्यातून एकच दिवस. १० मिनिटे अंग तापवून १ मिनिट नेहमीपेक्षा ताशी दीड किलोमीटर अधिक वेगाने धावावे, २ मिनिटे मंद व्हावे. असे सहा वेळा. एकाच आठवड्यात वेळ आणि वेग दोन्ही वाढवू नयेत. पट्ट्याला १ टक्का चढ द्यावाच, असा आग्रह काही जण धरतात. बाहेर वाऱ्याचा जो अडथळा होतो, त्याची ही भरपाई. परंतु आमच्यासारख्यांच्या वेगाला तो अडथळा नगण्य असतो.

दांड्या धरून धावू नये. श्रम वाचतात, म्हणजेच व्यायाम बुडतो. नजर समोर ठेवावी, सुरक्षेच्या दोरीचा चिमटा सदऱ्याला लावावा. छातीत दुखले किंवा भोवळ आली तर तत्काळ थांबावे. पन्नाशी उलटलेल्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे.

विल्यम क्यूबिट या अभियंत्याने १८१८ साली इंग्लंडमधील तुरुंगांसाठी पायचक्की तयार केली. कैदी शिक्षा म्हणून तिच्यावर तासन् तास चढत. ट्रेडमिल हे नाव मूळचे तिचेच. आम्ही वर्गणी भरून चढतो, एवढाच काय तो फरक, असे पहिले काही दिवस वाटे. आता वाटत नाही.

चैत्रात आम्ही पुन्हा पावागडावर गेलो. नात पुढे होती, आम्ही मागेच होतो. अर्ध्या वाटेवर तिने वळून हाक मारली. आम्ही न थांबता म्हणालो, "तू हो पुढे, आम्ही येतोच आहोत तुझ्या मागोमाग!"

सबंध वाक्य होते. एकही शब्द तुटला नाही.