दुर्बीण घ्या, पण बंदुकीवरची नको

तुरीला शेंगा धरल्या, हरभरा घाट्यावर आला की आपल्याकडे राखणीच्या रात्री सुरू होतात. बालाघाटाच्या कडेची गावं असोत की परंड्याकडचा माळ, कुणाच्या रानात डुकरं, कुणाच्या रानात हरणं. एका रात्रीत पाटा झोपलेला दिसला की माणूस चिडतो. ते चिडणं रास्त आहे.

अशातच मोबाईलवर जाहिरात दिसते. छर्‍याची बंदूक, तिच्यावर दुर्बीण, किंमत हप्त्यांत. घरातला तरुण पोरगा म्हणतो, घेऊन टाकू. काही जण मला विचारतात, बंदुकीवरची चांगली आणि स्वस्त दुर्बीण कोणती?

शिकारीसाठी घ्यायची असेल तर कोणतीच नको. कारण समजून घ्या.

आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे. हरीण, मोर, ससा, रानडुक्कर, कोणाचीही शिकार परवानगीशिवाय करता येत नाही. नेम धरून गोळी चुकली तरी सुटका नाही, कारण मारण्याचा प्रयत्न हीसुद्धा कायद्याने शिकारच. काळवीट किंवा मोर मारला तर शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. वर दंड. ज्या मोटारसायकलवरून गेलात ती आणि बंदूक, दोन्ही सरकारजमा. पोराची नोकरी, पासपोर्ट, लग्न, सगळ्यावर त्या एका रात्रीची सावली पडते. वकिलाला मोजलेले पैसे तुरीच्या नुकसानीपेक्षा कितीतरी जास्त होतात.

‘छर्‍याच्या बंदुकीला लायसन लागत नाही’ असं दुकानदार सांगतो. तेही अर्धंच खरं. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीची किंवा 20 जूलपेक्षा जास्त जोराची हवेची बंदूक असेल तर परवाना लागतो. आणि परवाना लागत नाही म्हणजे जनावरावर चालवायची मोकळीक मिळाली, असं नाही.

पोराला नेमबाजीची खरीच हौस असेल तर त्याला क्लबात घाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. त्या खेळात बंदुकीवर दुर्बीण चालतच नाही. बारीक भोकातून नेम धरायचा असतो. म्हणजे तिथेही त्या दुर्बिणीचा खर्च वाचला!

आता कामाचं बोलू. रानात तुम्हाला खरी गरज असते ती लांबचं नीट दिसण्याची. तुरीत काहीतरी हललं. ते कुत्रं, लांडगा, तरस, की बिबट्या? डिसेंबर 2024 मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्यात वाघ कॅमेर्‍यात आला. तो थेट यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून चालत आला होता. त्यानंतर त्या भागातल्या माणसाला बांधावरून खात्री करून घ्यावी वाटणं साहजिक आहे. जवळ जाऊन पाहणं धोक्याचं. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून पाहायचं तर बंदूकच रोखावी लागते, आणि झुडपामागे शेजारची बाई गवत कापत असू शकते. त्यापेक्षा गळ्यात अडकवायची, दोन डोळ्यांची साधी दुर्बीण घरात असू द्या.

ती घेताना अंगावर दोन आकडे दिसतात. 8×42 असं लिहिलेलं असेल तर वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं आहे. शेतकर्‍यासाठी मी हीच सांगेन. दहापटीची घेतली तर जनावर मोठं दिसतं, पण हाताचा थरकापही तेवढाच मोठा होतो. शिवाय नजरेत मावणारा पट्टा लहान होतो. तुरीत पळतं डुक्कर शोधायला रुंद पट्टा लागतो.

उजेडाचा हिशेब सोपा आहे. 42 ला 8 ने भागा. पाचाच्या थोडं वर येतं. दिवेलागणीला हा आकडा पाचाच्या आसपास हवा. खिशात मावणारी 10×25 घेतलीत तर अडीच येतो. भर दुपारी ती छान दिसेल, पण हरणं रानात उतरायच्या वेळेला अंधारी येईल. जनावरं तर पहाटे आणि सांजेलाच येतात.

‘शंभरपट’, ‘हजारपट’ असं लिहिलेली दुर्बीण जत्रेत मिळते. तिकडे पाहूही नका. भिंगं आरशासारखी लालभडक चमकत असतील तर तीही ठेवून द्या. पट कमी-जास्त करणारी झूमची दुर्बीण स्वस्तात घेऊ नका. चांगल्या कंपनीची साधी 8×42 साधारण पाच ते दहा हजारांत मिळून जाते. त्याहून फार स्वस्त दिसली तर पावती आणि वॉरंटी आधी मागा. साध्या दुर्बिणीतून गच्च काळोखात मात्र काही दिसत नाही. ‘रात्रीही दिवसासारखं दिसेल’ असं कुणी म्हणालं तर दुकानातून उठा.

शक्यतो हातात घेऊन पाहा. सोलापूर, लातूर, पुणे, कुठेही गेलात तर तेवढा वेळ काढा. दुकानाबाहेर या आणि लांबची पाटी वाचा. दोन्ही डोळ्यांनी एकच चित्र दिसायला हवं. दोन-दोन दिसत असतील, किंवा पाच मिनिटांत कपाळ दुखायला लागलं, तर आतली भिंगं एका रेषेत नाहीत. ती घेऊ नका.

मग दुर्बीण हातभर लांब धरा आणि मोकळ्या आभाळाकडे करा. सूर्याकडे चुकूनही नको. त्याने डोळा कायमचा जातो, हे पोरांनाही बजावून सांगा. डोळ्याकडच्या भिंगात एक छोटा उजळ ठिपका दिसेल. तो पूर्ण गोल हवा. कडा छाटल्यासारख्या चौकोनी, राखाडी दिसल्या तर आतली काच हलकी आहे.

चष्मा असेल तर चष्म्यासकट पाहा. डोळ्याजवळची रबरी कडी खाली फिरवली की पूर्ण गोल दिसला पाहिजे. आजोबांपासून नातवापर्यंत सगळेच वापरणार, तेव्हा घरातल्या चष्मेवाल्यालाच सोबत न्या. वजनही गळ्यात घालून बघा. दुकानात हलकी वाटलेली दुर्बीण दोन तासांनी मानेला कळते.

घरी आणली की एकदा लावून घ्या. उजवीकडचं पुढचं भिंग हाताने झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला साफ दिसेल असं करा. मग डावं झाका आणि उजव्या डोळ्याजवळचं कडं फिरवा. पुढे फक्त मधलं चाक वापरायचं. पुष्कळ घरांत दुर्बीण ‘खराब’ म्हणून कपाटात पडते, ती केवळ एवढं न केल्यामुळे.

पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. चामडी पिशवीत बंद करून ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि औषधांच्या बाटलीत येतात तसल्या ओल शोषणार्‍या पुड्या सोबत टाका. धूळ आधी फुंकणीने उडवा, मगच मऊ कापड लावा. धोतराच्या सोग्याने पुसलेल्या भिंगावर आपल्या मातीचे ओरखडे जन्मभर राहतात.

या दुर्बिणीचा दुसरा उपयोग पंचनाम्याला होतो. कोणतं जनावर, किती, कोणत्या बाजूने शिरलं, हे लिहून ठेवा. फोटो काढा. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा. रानडुक्कर, हरीण, रोही यांनी खाल्लेल्या पिकाला सरकारी मदत मिळते. ती कमी पडते आणि उशिराही येते, हे मला ठाऊक आहे. पण अर्जच केला नाही तर तीही नाही. डुकरांचा उपद्रव फारच असेल तर रीतसर परवानगीसाठीही वनविभागाकडेच जावं लागतं.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. कुंपणाला थेट घरची वीज सोडू नका. त्याने डुकराआधी माणूस मरतो. पाणी द्यायला गेलेला शेजारी, नाहीतर आपलाच पोरगा. बॅटरीवरचं, थांबून थांबून झटका देणारं मशीन घ्या आणि तारेवर पाटी लावा.

वनविभागाची मदतवाहिनी 1926 आहे. हा नंबर आजच घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये घालून ठेवा.