परवान्याची परीक्षा आणि रुग्णाची खाट

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की नगर जिल्ह्यातील साखर कारखान्यांभोवती पाचटाच्या कोप्यांची वस्ती उभी राहते. कोपीत माणसे जमिनीवर निजतात. एखाद्या पहाटे एखादी बाई पोट दुखते म्हणून उठते. घटकाभराने तिला पापण्या उचलवेनाशा होतात, जीभ जड होते. अंगावर दंशाची खूण नाही, सूज नाही. कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसवून तिला जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आणले जाते. तेथे त्या वेळी हजर असतो तो बहुधा पंचविशीच्या आतबाहेरचा एखादा डॉक्टर. ही मण्यारीच्या विषाची लक्षणे आहेत, हे त्याने वाचलेले असते. परीक्षेत हाच प्रश्न आला असता तर चार पर्यायांतून बरोबर पर्याय त्याने क्षणात निवडला असता. पण रुग्णाच्या खाटेशी पर्याय कोणी छापून देत नाही. तेथे पोटदुखी म्हणून आलेल्या बाईच्या पापण्यांकडे पाहण्याची सवय असावी लागते, प्रतिविष हाताने द्यावे लागते आणि श्वास थांबू लागलाच तर तो चालू ठेवावा लागतो.

हा प्रसंग डोळ्यांपुढे ठेवूनच, वरवर पाहता केवळ विद्यार्थ्यांच्या सोयीगैरसोयीचा वाटणारा एक प्रश्न आपण विचारात घेतला पाहिजे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी परवान्याच्या परीक्षेची तयारी केव्हा सुरू करावी? शिकवणीचे धंदेवाले सांगतात, पहिल्याच वर्षी. पालकही आता तेच म्हणू लागले आहेत. शरीररचनाशास्त्राची पहिली पायरी चढण्याआधीच मोबाईलवरच्या प्रश्नसंचांची वर्गणी भरलेली असते. ही घाई कोठून आली आणि तिचा भुर्दंड कोणाला पडतो, हे कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

आपल्याकडे आजवर पदवी हाच परवाना मानला गेला. एम.बी.बी.एस.ची परीक्षा उत्तीर्ण व्हायचे, वर्षभर आंतरवासिता करायची, राज्याच्या वैद्यक परिषदेत नाव नोंदवायचे आणि व्यवसायाला लागायचे, असा हा क्रम. परदेशात शिकून आलेल्यांना मात्र २००२ पासून वेगळी चाचणी द्यावी लागते आणि तीत बहुसंख्य उमेदवार अनुत्तीर्ण होतात. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने हे चित्र पालटायचे ठरविले. त्याच्या पंधराव्या कलमाने देशभर एकच 'नॅशनल एक्झिट टेस्ट', म्हणजे 'नेक्स्ट', योजली. पदवीची अंतिम परीक्षा तीच, व्यवसायाचा परवाना तिच्यावरच, पदव्युत्तर प्रवेशाची गुणवत्ता यादीही तिच्यावरच. तीन वर्षांत ती अमलात यावयाची होती. जून २०२३ मध्ये नियम जाहीर झाले: पहिला टप्पा सहा प्रश्नपत्रिकांचा आणि ५४० बहुपर्यायी प्रश्नांचा, दुसरा आंतरवासितेनंतर प्रात्यक्षिक आणि तोंडी स्वरूपाचा. पुढच्याच महिन्यात सरकारने ती लांबणीवर टाकली. तेव्हापासून ही परीक्षा टांगत्या तलवारीसारखी विद्यार्थ्यांच्या डोक्यावर आहे आणि त्या तलवारीच्या धाकावर शिकवण्यांची दुकाने चालली आहेत.

अशा परीक्षेला सरसकट विरोध करणे मात्र समाजवाद्यांना शोभणारे नाही. महाराष्ट्रात १९८० च्या दशकात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दारे उघडली गेली आणि देणग्यांचा असा सुळसुळाट झाला की १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. पैसा मोजून मिळविलेली जागा आणि कष्टाने मिळविलेली जागा, दोन्हींतून बाहेर पडणाऱ्याच्या हाती शेवटी सारखेच प्रमाणपत्र असते. श्रीमंत माणूस डॉक्टर पारखून घेतो. गरिबाला समोर येईल तो पत्करावा लागतो. तेव्हा माणसाच्या शरीराला हात लावण्यापूर्वी तुझी पात्रता सिद्ध कर, असे म्हणण्याचा समाजाला पूर्ण अधिकार आहे. सर्व महाविद्यालयांना एकच कसोटी लावणे हे गरीब रुग्णाच्या हिताचेच आहे. प्रश्न आहे तो कसोटी कशाची, हा.

मुळात 'नेक्स्ट'च्या एकाच खुंटीवर दोन ओझी टांगली आहेत. परवान्याच्या परीक्षेने विचारायचे असते: हा डॉक्टर पुरेसा जाणता आहे का? प्रवेशाच्या परीक्षेने विचारायचे असते: या हजारोंमध्ये पुढे कोण? पहिल्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर पुरते आणि सारेच उत्तीर्ण झाले तर आनंदच आहे. दुसऱ्या प्रश्नात एकाचे यश म्हणजे दुसऱ्याचे अपयश असते. तेथे पुरेसे असे काही नसतेच. ही दोन कामे एकत्र केली की पात्रतेची परीक्षा शर्यत होते, आणि शर्यतीत जो आधी धावू लागेल तो पुढे, असा समज पसरतो. पहिल्या वर्षापासूनच्या तयारीचे वेड यातूनच जन्मले आहे. अमेरिकेला हा अनुभव आधी आला. तेथील परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्यातील गुण निवासी डॉक्टरांच्या निवडीसाठी वापरले जाऊ लागले आणि विद्यार्थी महाविद्यालय सोडून त्या गुणांमागे लागले. अखेर २६ जानेवारी २०२२ पासून त्या टप्प्याचे गुण जाहीर करणे बंद करून केवळ उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच सांगण्याचे ठरले. दुसऱ्याने चुकून सोडलेली वाट आपण नव्याने का धरावी?

आणि गुणवत्ता यादीने पात्रता मोजली जाते, या समजातही फारसे तथ्य नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून प्रवेशपात्रतेची रेषा थेट शून्य पर्सेंटाइलवर आणण्यात आली. म्हणजे जी परीक्षा वर्षभर मुलांची झोप उडविते तिची किमान पातळी, जागा भरण्याची गरज पडताच, सरकारनेच पुसून टाकली.

या शर्यतीत सर्वांत मोठा बळी जातो तो आंतरवासितेचा. शिकलेले हातात उतरावे म्हणून ठेवलेले हे एक वर्ष. पण पदव्युत्तर प्रवेशाच्या धास्तीने ते वाचनाच्या सुट्टीत जमा होऊ लागले आहे. एका ग्रामीण रुग्णालयात प्रस्तुत लेखकाने पाहिलेले दृश्य सांगतो. बाळंतिणींच्या कक्षाबाहेर बाकावर बसलेला आंतरवासी डॉक्टर मोबाईलवर प्रसूतीशास्त्राचे प्रश्न सोडवीत होता आणि आत एक अनुभवी परिचारिका एकटीने बाळंतपण उरकीत होती. मुलगा आळशी नव्हता, उद्धटही नव्हता. हटकले तेव्हा ओशाळून म्हणाला, "काका, आत शिकलेल्याला मार्क नसतात." एवढ्या एका वाक्यात आपल्या वैद्यकीय शिक्षणाचे निदान झाले. दोष त्या मुलाचा नव्हे. ज्याला मार्क नाहीत ते शिकू नये, हे आपणच त्याला दहावीपासून शिकवीत आलो आहोत.

या तयारीला वर्गीय बाजूही आहे. शेवगाव-पाथर्डीच्या कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी एका शिकवणीचा खर्च कशीबशी सोसून वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचते. तेथे पोहोचल्यावर कळते की आता दुसरी शिकवणी. ज्याच्या घरी पैसा आहे तो पहिल्या दिवसापासून तयारी विकत घेतो. ही मुलगी वसतिगृहात दुसऱ्याच्या टिपणांवरून अभ्यास करते. महाविद्यालयातील शिक्षण पुरेसे नाही असे गृहीत धरून बाहेरचे शिक्षण अपरिहार्य केले की सरकारी महाविद्यालयाची स्वस्त फीसुद्धा फसवी ठरते. राखीव जागांनी उघडलेले दार असे मागच्या बाजूने लोटले जाते.

मग तयारी लवकर करूच नये काय? करावी, अवश्य करावी. पण कशाची, हे आपल्याच जिल्ह्याने जगाला दाखवून दिले आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या वेलोरला शिकलेल्या दांपत्याने जामखेडला काम सुरू केले. खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर आणि पुष्कळशा दलित समाजातल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडविले. या बाया जामखेडला येत, एकेक गोष्ट शिकत, गावी जाऊन ती करीत आणि पुढच्या खेपेला काय चुकले ते सांगत. त्यांना परीक्षेची प्रश्नपत्रिका वाचताही आली नसती. पण सुरक्षित बाळंतपण, हगवण लागलेल्या मुलाला साखर-मिठाचे पाणी आणि गरोदर बाईची देखभाल त्यांच्या हाती आली, आणि हजारी शंभराच्या कितीतरी वर असलेले बालमृत्यूचे प्रमाण दोन दशकांत विशीच्या आसपास उतरले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची शिकविण्याची रीत साधी होती: शिकणे आणि करणे यांत आठवड्याचेही अंतर पडू द्यायचे नाही.

महाडकडे विंचूदंशाचे रुग्ण तपासणारे डॉ. हिंमतराव बावस्कर हेही याच जातकुळीचे. प्राथमिक आरोग्य केंद्रात मरणारी माणसे त्यांनी खाटेशी बसून पाहिली, नोंदी ठेवल्या आणि १९८० च्या दशकात त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाने छापले. जे उत्तर कोणत्याही प्रश्नसंचात नव्हते ते त्यांनी रुग्णाजवळ बसून शोधले. आज तेच विद्यार्थी बहुपर्यायी प्रश्न म्हणून पाठ करतात!

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. परवान्याची परीक्षा घ्या, पण तिला प्रवेशाच्या गुणवत्ता यादीपासून वेगळी करा. तिचा निकाल उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढाच असू द्या. तिच्यात प्रात्यक्षिकाला खरे वजन द्या आणि ते प्रात्यक्षिक जिल्हा रुग्णालयात, प्रत्यक्ष रुग्णांसमवेत होऊ द्या. सर्पदंश झालेल्याचे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटे स्थिर ठेवून ते गोठते की नाही हे पाहायला कोणते मोठे यंत्र लागते? ते ज्याने स्वतः केले नाही त्याला परवाना नको, एवढे म्हणण्याचे धैर्य हवे. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांनी खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घ्यावीत, असे आता अभ्यासक्रमातच आहे. ते नोंदवहीच्या रकान्यांपुरते उरू नये. आणि उजळणीची साधने, मागील प्रश्न, व्याख्याने हे सारे महाविद्यालयांच्या ग्रंथालयातून विनामूल्य मिळाले पाहिजे.

यातले सगळे दिल्लीवर अवलंबून नाही. लोणीला १९८४ मध्ये महाविद्यालय निघाले ते 'ग्रामीण' हे विशेषण नावात धारण करून. पुढे विळद घाटातही महाविद्यालय झाले. जिल्ह्यात डॉक्टर घडतात, तर जिल्ह्याने त्यांच्या घडणीकडे लक्ष द्यायला नको काय? ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत आपला कार्यकर्ता असेल तर त्याने औषधांच्या साठ्याबरोबर हेही विचारावे: आंतरवासी डॉक्टर किती आले, प्रसूतीकक्षात किती वेळ होते, त्यांना शिकविले कोणी? विचारताना सूर दरडावणीचा नसावा. ती आपलीच मुले आहेत, आणि त्यांच्यातही भीती घर करून आहे.

परीक्षेची तारीख सरकार पुढे ढकलू शकते. कोपीतल्या त्या बाईला मात्र आपली पहाट पुढे ढकलता येत नाही. तिच्या खाटेशी उभा राहील त्याची तयारी पहिल्या वर्षापासूनच झालेली असावी, असा आग्रह आपणही धरू. फक्त ती तयारी तिच्यासाठी असावी.